बघूबाईंनी खोडलेला शब्द

छापखान्यात त्यांना सगळे वेलांटीकाका म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि पगारपत्रक मालकांच्या कपाटात, त्यामुळे ते नाव फारसं कुणाच्या उपयोगी पडत नसे. एकतीस वर्षं प्रुफं तपासून काकांची मान कायमची उजवीकडे कलली होती. एखाद्या दुकानाच्या पाटीवर चुकीची वेलांटी दिसली की त्या दुकानातून ते साधी सुईसुद्धा घेत नसत, आणि या बाणेदारपणापायी त्यांच्या बायकोला भाजीसाठी दोन चौक ओलांडून जावं लागे. "आज वेलांटीच शिजवते आणि वाढते," असं ती आठवड्यातून एकदा तरी म्हणायची.

काकांनी काय वाचलं नव्हतं? केस उगवण्याचे हमखास उपाय, सात दिवसांत सभाधीटपणा, निवृत्त अधिकाऱ्यांची आत्मचरित्रं, आणि कविता तर विचारूच नका. विश्वास मात्र त्यांनी एकाही पुस्तकावर ठेवला नव्हता. "आपलं नातं अक्षराशी. अर्थ ज्याचा त्याने सांभाळावा," ते म्हणत. लेखकाचा शब्द कितीही वेडावाकडा असला तरी ते बदलत नसत. समासात लाल शाईने प्रश्नचिन्ह काढायचं आणि लेखकाला विचारायचं, हा त्यांचा नेम होता. तो त्यांनी एकदाच मोडला. ज्या बाईसाठी मोडला तिच्याविषयी बोलताना काकांचा आवाज अजूनही आपोआप खाली येतो.

ती आली तेव्हा दुपारचा चहा व्हायचा होता. पन्नाशीची किडकिडीत बाई, पायांत टाके घातलेल्या चपला, खांद्यावर कापडी पिशवी. तिने मालकांच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा ठेवला. सगळा मजकूर पतसंस्थेच्या रद्द झालेल्या कर्ज-अर्जांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेला. वर नाव होतं: 'बघू म्हणू नका'.

"कादंबरी आहे का?" मालकांनी विचारलं.

"नाही. पैशाचं पुस्तक आहे."

"शेअर बाजार वगैरे?"

"नाही."

"मग बचत?"

"नाही."

मालक थांबले. इतक्या कमी शब्दांत इतक्या वेळा त्यांना कुणी नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी गठ्ठा काकांकडे सरकवला, आणि काकांनी पहिलं पान उचललं ते चहा गार होईपर्यंत खाली ठेवलं नाही.

बाई सत्तावीस वर्षं एका पतसंस्थेच्या काउंटरवर बसलेली होती. काच, काचेला खाली अर्धगोल भोक, भोकाच्या पलीकडे माणसं. कर्ज घेणारा एक आणि त्याच्यामागे सही करणारा जामीनदार दुसरा. पहिल्याने हप्ते थकवले की नोटीस दुसऱ्याच्या दारात जायची. असे दुसरे लोक नोटिशीचा कागद हातात धरून त्या भोकाशी वाकायचे, आणि बाई प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायची: सही मागायला आला तेव्हा तुम्ही काय म्हणालात? उत्तर जवळजवळ नेहमी तेच यायचं. "मी कुठे हो म्हणालो? मी फक्त बघू म्हणालो."

बाईने लिहिलं होतं: 'बघू हा शब्द म्हणणाऱ्याच्या तोंडातून नाही म्हणून निघतो आणि ऐकणाऱ्याच्या कानात हो म्हणून शिरतो. दुसऱ्या दिवशी तो माणूस तुमचं नाव टाईप केलेला कागद घेऊन दारात उभा राहतो. आता नाही म्हणायची तुम्हाला लाज वाटते. त्या लाजेपायी तुम्ही राहतं घर देता.'

काका खुर्चीत ताठ बसले. आयुष्यात आपण किती वेळा बघू म्हणालो, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात आपोआप सुरू झाला, आणि तो काही लवकर संपेना.

दोनशे बारा पानांत खाडाखोड नव्हती. अक्षर काउंटरवरच्या माणसाचं, सरळ आणि सुटं. फक्त नवव्या पानावर एक शब्द खोडला होता. तिथे असं होतं की धाकटा भाऊ धंद्याच्या कर्जासाठी सहीचा कागद घेऊन बाईकडे आला. पुढे वाक्य होतं: 'मी म्हणाले, नाही.' हा 'नाही' वर, बारीक अक्षरात. त्याच्याखाली खोडलेला शब्द काकांनी पान खिडकीशी धरून वाचला. तो 'बघू' होता.

लेखक शब्द बदलतातच, म्हणून काका पुढे गेले. पण एकशे एकाहत्तराव्या पानावर ते अडखळले. तिथे बाईने लिहिलं होतं: 'त्या दिवशी मी बघू म्हणाले नसते, तर हे पुस्तक झालं नसतं.' हा 'बघू' खोडायचा राहून गेला होता. आणि त्याच पानाला खूण म्हणून एक पावती घातलेली होती. पतसंस्थेचीच. वर बाईचं नाव, खाली शिक्का: हप्ता, जामीनदाराकडून जमा.

म्हणजे बाईने सही केली होती. भावाचा धंदा बुडाला होता आणि हप्ते ही बाई भरत होती. सगळ्या जगाला सही करू नका म्हणून सांगणारी.

नेमाप्रमाणे काकांनी लाल शाईने प्रश्नचिन्ह काढायला हवं होतं. ते काढलं असतं तर बाईला त्यांच्यासमोर उभं राहून उत्तर द्यावं लागलं असतं, आणि ही कल्पनाच त्यांना सोसेना. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी 'बघू' काढला आणि 'नाही' घातला. 'त्या दिवशी मी नाही म्हणाले नसते, तर हे पुस्तक झालं नसतं.' वाक्य मुळीच लंगडलं नाही. पावती त्यांनी एका पाकिटात घालून टेबलाच्या खणात ठेवली.

शेवटची प्रुफं बाईकडे गेली. प्रत्येक पानाखाली 'छापायला हरकत नाही' असं लिहून लेखकाने सही करायची असते. बाई काकांसमोर बसून सही करत गेली. एकशे एकाहत्तराव्या पानावर तिचं पेन थांबलं. तिने मान वर करून काकांकडे पाहिलं. काका चष्मा पुसू लागले, आणि तो स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिले. बाईने सही केली आणि पुढचं पान घेतलं.

पुढे जे झालं त्याचा अंदाज मालकांना नव्हता, काकांना नव्हता, आणि बाईला तर नव्हताच. हजार प्रती तीन आठवड्यांत संपल्या. लोक दुकानात येऊन पुस्तकाचं नाव न सांगता "ते बघूबाईंचं द्या" म्हणू लागले, आणि तेच नाव तिला चिकटलं. वर्षभरात पाचवी आवृत्ती निघाली. बघूबाईंनी पतसंस्थेची नोकरी सोडली, किंवा पतसंस्थेने त्यांना सोडलं, दोन्ही खरं होतं. कारण जामीनदार मिळेनासे झाले होते. लोक काचेपाशी येऊन सरळ सांगायचे, "सही करणार नाही, पुस्तकात लिहिलंय."

मग बाईंनी वर्ग काढले. शाळेची एखादी खोली, समोरासमोर दोन खुर्च्या. एका खुर्चीत बाई बसायच्या; कधी मेहुणा व्हायच्या, कधी जावई, कधी लहानपणीचा मित्र. दुसऱ्या खुर्चीतल्या माणसाने 'नाही' म्हणायचं आणि गप्प बसायचं. कारण द्यायचं नाही. "कारण दिलंत की समोरचा ते दुरुस्त करायला बसतो," बाई म्हणायच्या. सोपं वाटतं ना? एका मुख्याध्यापिकेची, जिच्या नुसत्या खाकरण्याने शाळा चिडीचूप व्हायची, त्या खुर्चीत बोबडी वळली. एक धिप्पाड पहिलवान दोन मिनिटं घाम पुसत बसला आणि शेवटी म्हणाला, "बाई, मी पैसेच देऊन टाकतो, पण हे नको."

काकांनीही करून पाहिलं. समोर बाई मेहुण्याच्या थाटात मांडीवर मांडी टाकून बसल्या.

"भाऊजी, फक्त एक सही."

"नाही. म्हणजे, या महिन्यात नाही."

"मग पुढच्या महिन्यात येतो!"

"नाही, तसं नाही, माझा चष्मा…"

"चष्मा मी आणून देतो, भाऊजी. कुठे ठेवलाय?"

खोली हसून हसून आडवी झाली. काका तीनदा नापास झाले. पण महिन्याभराने खराखुरा मेहुणा टेम्पोच्या कर्जाचा कागद घेऊन खऱ्याखुऱ्या घरी आला, तेव्हा काका म्हणाले, "नाही." आणि गप्प बसले. छताच्या पंख्याकडे बघत त्यांनी त्याचे फेरे मोजले. मेहुणा अर्धा चहा टाकून गेला. बायकोने चार दिवस अबोला धरला. टेम्पो सात महिन्यांत विकला गेला आणि नोटीस मेहुण्याच्या शेजाऱ्याच्या दारात लागली. ते कळलं त्या संध्याकाळी काकांच्या चहात साखर एक चमचा जास्त होती.

सगळ्यांनाच अशी जास्तीची साखर मिळाली नाही. कितीतरी भाऊ भावांशी बोलेनासे झाले. ठरलेलं एक लग्न सासऱ्याच्या 'नाही'वरून मोडलं. एका वर्तमानपत्राने बाईंवर अर्धं पान लेख छापला आणि मथळा दिला: 'घरफोडी'. बाईंनी तो शांतपणे वाचून काढला. "चोरीला काय गेलं ते मात्र लिहिलेलं नाही," एवढंच त्या म्हणाल्या. कुणीतरी पुस्तकाचे तुकडे करून छापखान्याच्या पायरीवर फेकले. बाईंनी केरसुणी मागून घेतली, पायरी स्वच्छ झाडली, आणि मालकांना म्हणाल्या, "विकत घेऊन फाडलंय, आपलं काही गेलं नाही."

एका पत्राने मात्र त्या हलल्या. एका बहिणीने लिहिलं होतं, 'माझ्या भावाच्या ऑपरेशनला कर्ज हवं होतं. पाच घरं फिरलो, पाचही ठिकाणी तुमचं पुस्तक होतं. भाऊ गेला.'  पुढच्या आवृत्तीत बाईंनी एक नवं प्रकरण घातलं: सही करू नका, पण जे देता येईल ते परत न मागण्याच्या बोलीवर देऊन टाका. ते प्रकरण तपासताना काकांना प्रथमच कळलं की ही बाई पुस्तक लिहून मोकळी झालेली नाही. ती रोज त्या काचेमागे बसलेलीच आहे. त्यांना तिच्याबद्दल जे वाटायचं त्याला आदर हा शब्द कमी पडायला लागला.

आणि तो बसचालक! एका सकाळी खाकी कपड्यांतला एक माणूस आला, बाईंच्या समोर उभा राहिला आणि खिशातून एक किल्ली काढून त्याने टेबलावर ठेवली. साधी, पितळी, झिजलेली.

"चुलतभावाला नाही म्हणालो," तो म्हणाला. "तुम्ही सख्ख्या भावाला म्हणालात, मग आपल्याला काय झालं, असं वाटलं. त्या जोरावर म्हणालो. घर राहिलं. ही त्याची किल्ली. तुम्हाला नुसती दाखवायची होती."

बाईंनी किल्ली हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि परत दिली. बसचालक गेल्यावर त्या बराच वेळ स्वतःच्या तळहाताकडे पाहत होत्या.  हा माणूस ज्या जोराविषयी बोलला, तो जोर काकांनी स्वतःच्या लाल पेनाने एकशे एकाहत्तराव्या पानावर घातला होता. असे किती बसचालक असतील? ज्या दिवशी खरं कळेल त्या दिवशी या माणसांच्या 'नाही'चं काय होईल?

दहा वर्षं ते पोटात धरून काकांनी काढली. बाई अजूनही त्याच दोन भाड्याच्या खोल्यांत राहत होत्या. लोक कुजबुजत, एवढी पुस्तकं खपतात, पैसा जातो कुठे? काका विचारत नसत. घर घ्यायचं वय हप्त्यांत गेलं, हे त्यांना ठाऊक होतं. उरलेला हप्त्यांचा डोंगर दुसऱ्या आवृत्तीच्या पैशांतून फिटला, हेही त्यांनी ओळखलं होतं. धाकटा भाऊ मात्र त्यांनी कधी पाहिला नाही. पुस्तकात एवढंच होतं की त्यानंतर तो बाईंशी बोलला नाही.

दहा वर्षं झाली म्हणून मालकांनी समारंभ ठरवला. रविवारी सकाळी, मोठं सभागृह. त्या आधीच्या मंगळवारी छापखान्यात एक म्हातारे गृहस्थ आले. पतसंस्थेचे जुने मॅनेजर. बाई ज्या काचेमागे बसत, तिच्या मागच्या केबिनमध्ये हे बसत. पुस्तकाने त्यांची पतसंस्था अर्धी झाली होती आणि निवृत्तीचा सत्कार एका हाराऐवजी एका नारळावर उरकला गेला होता. तो नारळ ते विसरले नव्हते.

त्यांनी एक झेरॉक्स काकांसमोर धरली. जामीनदारांच्या रजिस्टरचं पान, त्यावर बाईंची सही, सरळ आणि सुटी.

"रविवारी सगळ्यांसमोर विचारणार आहे," मॅनेजर म्हणाले. "मूळ हस्तलिखित तुमच्याकडे असेलच. कुठे काही खोडलं असेल तर ते लोकांना दिसू दे की. द्याल ना?"

दहा वर्षं ज्या शब्दाविरुद्धची प्रुफं काकांनी चौदा वेळा तपासली होती, खुर्चीत बसून ज्याच्यासाठी तीनदा नापास झाले होते, तो शब्द त्यांच्या तोंडातून अगदी सहज बाहेर पडला.

"बघू," काका म्हणाले.

मॅनेजर समाधानाने मान डोलावून गेले.  उठून मागे धावावं आणि 'नाही' सांगावं, असं काकांना वाटलं. पण ते उठले नाहीत. बाईंना सांगावं म्हणून शुक्रवारी गेले, तर त्या नव्या आवृत्तीची प्रस्तावना लिहून इतक्या खुशीत होत्या की काका वेलांट्या तपासून परत आले. रविवारी निघताना त्यांनी खणातलं पाकीट खिशात घातलं. कशासाठी, ते त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं.

सभागृह भरलेलं होतं. बसचालक दिसला, मुख्याध्यापिका दिसली, पहिलवान दोन खुर्च्या अडवून बसला होता. बाईंचं बोलणं संपलं आणि मॅनेजर उभे राहिले. त्यांनी झेरॉक्स उंच धरली. सही कुणाची, तारीख कुठली, कर्ज कुणाचं, सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. "या बाई भावाला नाही म्हणाल्याच नव्हत्या. यांनी सही केली. आणि मूळ हस्तलिखितात काय होतं ते दाखवायला छापखान्याचे तपासनीस तयार आहेत. त्यांनी तसं कबूल केलंय."

सगळ्या माना काकांकडे वळल्या. काका उभे राहिले. 

"मी कबूल नाही केलं," ते म्हणाले. "मी फक्त बघू म्हणालो."

अख्खं सभागृह हसलं. हे वाक्य त्या पुस्तकात पस्तीस वेळा होतं. तिथल्या प्रत्येकाने ते कधी ना कधी म्हटलं होतं. व्यासपीठावर बाईसुद्धा हसल्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पण काकांना आता थांबायचं नव्हतं.

"एकशे एकाहत्तराव्या पानावर शब्द मी बदलला," ते म्हणाले. "बाईंनी नाही. मी. न विचारता. चूक माझी आहे."

"काका, बसा," बाई म्हणाल्या.

आता कुणी हसत नव्हतं. बाईंनी माईक जरा दूर सारला. त्यांना तो लागायचाच नाही.

"सही माझी आहे. भाऊ आला, मी म्हणाले बघू. दुसऱ्या दिवशी तो कागद टाईप करून घेऊन आला. आता नाही कसं म्हणायचं म्हणून सही केली. अकरा वर्षं हप्ते भरले. तो माझ्याशी बोलायचा बंद झाला, कारण त्याला माझ्याकडे बघवेना. पुस्तकात मी नवव्या पानावर नाही असं लिहिलं. लोकांना सांगायला कारण होतं, त्याची अब्रू झाकायची होती. पण खरं सांगू? मला माझीच लाज वाटत होती. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांना विचारत होते, तुम्ही काय म्हणालात? आणि मला कुणी विचारलं असतं तर?"

मागून बसचालक उभा राहिला. हातात काही नव्हतं, तरी मूठ आवळलेली होती.

"बाई, मग मी ज्या जोरावर नाही म्हणालो…"

"माझ्या जोरावर?" बाई म्हणाल्या. "अहो, माझ्यात तो जोर असता तर हे पुस्तक लिहावं लागलं असतं का? नाही तुम्ही म्हणालात. मला ते आजवर एकदाही जमलेलं नाही. तुमची किल्ली हातात घेतली ना, तेव्हा मला तुमचा हेवा वाटला होता."

बसचालक उभाच राहिला. हळूहळू त्याची मूठ सुटली, आणि तो खाली बसला तो इतका ताठ बसला की मागच्या माणसाला व्यासपीठ दिसेना.  दहा वर्षं काका ज्या क्षणाला घाबरत होते तो येऊन गेला होता आणि त्या माणसाचं घर जागच्या जागी होतं. बाईंनी स्वतःकडचं सगळं देऊन टाकलं होतं, आणि माणसं रिकाम्या हातांनी परत जात नव्हती.

असं नका समजू की सगळं गोड झालं. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात 'बघूबाईंचं बिंग फुटलं' असा मथळा होता. पुस्तकविक्रेत्यांकडून गठ्ठे परत आले. पुष्कळ लोक त्यांना आजही खोटारडी म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं आहे असं म्हणता येत नाही. काकांनी पाकीट बाईंच्या हातात दिलं. त्यांनी पावती काढून पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"ही तुमच्याकडे होती? कर्ज मिटवताना मॅनेजर म्हणाले, पावती दाखवा नाहीतर भरा. हा हप्ता मी दोनदा भरलाय, काका!"

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र त्यांच्या तोंडाकडे बघून हसत सुटल्या.

नव्या आवृत्तीत दोन्ही 'बघू' जागेवर आले. पण गंमत पुढेच झाली. लोक जुन्या प्रती घेऊन छापखान्यात यायला लागले. पैसे परत नको होते. बाईंनी स्वतःच्या हाताने शब्द दुरुस्त करून द्यावा, एवढंच. पहिली प्रत बसचालकाची होती. मालकांनी शनिवार ठरवून दिला, दाराशी बाकडं टाकलं. बाई एक पान नववं आणि एक एकशे एकाहत्तरावं उघडायच्या, 'नाही' खोडायच्या, वर 'बघू' लिहायच्या. काका शेजारी बसून शाई टिपायचे.

तिसऱ्या शनिवारी रांग संपत आली होती. एक पन्नाशीचा माणूस पुढे आला. पुस्तकाला तपकिरी कागदाचं कव्हर, कडा झिजलेल्या, पहिली आवृत्ती. त्याने पुस्तक एकशे एकाहत्तराव्या पानावर उघडूनच बाईंसमोर ठेवलं. बाईंनी वर न बघता पेन टेकवलं, आणि ते तिथेच राहिलं.

त्या पानावर 'नाही' आधीच खोडलेला होता. पेन्सिलने, एका सरळ रेघेने. वर बारीक अक्षरात 'बघू' लिहिलं होतं. पेन्सिल इतकी पुसट झाली होती की तपासनिसाच्या नजरेलाच कळावं, हे आजचं नाही. काकांनी मान वर केली. त्या माणसाची हनुवटी हुबेहूब बाईंची होती.

बाईंनी विचारलं, "ही दुरुस्ती कधी केलीस?"

"पुस्तक आलं त्याच आठवड्यात," तो म्हणाला. "ताई, माझ्यासाठी तू खोटं लिहिलंस. मग मी कुठल्या तोंडाने येणार होतो?"

 बाईंनी पेन्सिलच्या अक्षरांवरून पेन फिरवलं, हलक्या हाताने, त्याच्या वळणानेच. शाई थोडी पसरली. काका टिपकागद पुढे करायला विसरले होते. मग बाई बाकड्यावर एका बाजूला सरकल्या.

"बस," त्या म्हणाल्या. "अजून दोघं आहेत रांगेत. त्यांचं झालं की घरी जाऊ."